शुष्कनेत्र आणि आहार : एका रोगनामाचा इतिहास

रोगांच्या नावांचा इतिहास हा वैद्यकाच्या इतिहासाचा जसा एक भाग आहे, तसाच तो भाषेच्या इतिहासाचाही आहे. रोगाला नाव देणे म्हणजे अनेक रुग्णांच्या तक्रारींतून समान ते निवडून एकत्र बांधणे. आणि जे एकदा एका नावाखाली बांधले गेले, ते पुढे निराळे करण्यास कित्येक पिढ्या खर्ची पडतात. डोळ्यांचा कोरडेपणा हे याचे ठळक उदाहरण होय. ‘शुष्क’ हे विशेषण डोळ्याची अवस्था सांगते, तिचे कारण सांगत नाही. याच एका विशेषणाखाली दोन अगदी भिन्न व्याधी दीर्घकाळ वावरल्या : एक अन्नातील उणिवेने होणारी, व दुसरी शरीराच्या संरक्षकव्यवस्थेने स्वतःच्याच ग्रंथींवर केलेल्या आक्रमणामुळे होणारी. पहिलीवर आहार हाच उपाय. दुसरीवर आहाराचा उपयोग किती, हा प्रश्न अद्यापही चर्चेचा आहे.

या दोन व्याधी एकमेकींपासून वेगळ्या कशा झाल्या, त्या कामी शब्दयोजनेने कोणते साहाय्य केले, आणि वेगळ्या झालेल्या या व्याधी अलीकडे पुन्हा एका नावाखाली आल्याने आहारविषयक विचारात कोणता घोटाळा शिरला, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. हा प्रश्न केवळ पारिभाषिक नाही. पहिल्या व्याधीत योग्य अन्न वेळेवर न मिळालेली बालके आंधळी झाली; दुसऱ्या व्याधीने पीडित असलेल्या रुग्णांना, त्यांतही बहुसंख्य स्त्रियांना, पहिलीच्या न्यायाने आहाराची आश्वासने दिली गेली.

१. प्राचीन संज्ञा

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने आपल्या वैद्यकविषयक ग्रंथाच्या सहाव्या भागात डोळ्यांच्या एका कोरड्या दाहाचे वर्णन केले असून ग्रीक लोक त्यास ‘झेरोफ्थाल्मिया’ म्हणतात अशी नोंद केली आहे. ‘झेरोस’ म्हणजे कोरडा आणि ‘ऑफ्थाल्मिया’ म्हणजे नेत्रदाह. सेल्ससच्या वर्णनात डोळे सुजत नाहीत, वाहतही नाहीत; ते लाल होतात, जड वाटतात, दुखतात आणि रात्री पापण्या चिकटतात. उपचारांत चालणे, व्यायाम, वारंवार स्नान आणि आहाराचे नियमन यांचा समावेश आहे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग सांगितले आहेत. त्यांपैकी संपूर्ण डोळा व्यापणाऱ्या रोगांत ‘शुष्काक्षिपाक’ हा एक आहे. पापण्या आखडलेल्या, कठीण व रूक्ष होणे, दृष्टी गढूळ होणे आणि डोळे उघडण्यास कष्ट पडणे ही त्याची लक्षणे होत. तो वातज मानलेला असल्यामुळे त्यावर तुपाचे प्राशन, औषधी तुपाचे तर्पण आणि तैलाचे नस्य असे स्निग्ध उपचार सांगितले आहेत. रूक्षाला स्निग्ध, हे त्यामागील सूत्र.

या दोन्ही संज्ञांची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. ग्रीक संज्ञेत कोरडेपणा व दाह, आणि संस्कृत संज्ञेत शुष्कता व पाक, अशा जोड्या आहेत. दोन्हींत कोरडेपणा हे दाहाचे विशेषण आहे. तो स्वतंत्र रोग नाही. आधुनिक वैद्यकातील एखाद्या रोगाशी यांपैकी कोणत्याही संज्ञेचा तंतोतंत मेळ घालण्याचा मोह टाळला पाहिजे. प्राचीन वैद्य लक्षणसमूहाला नाव देत होते. कारणभेदाने लक्षणसमूह फोडण्याची साधने त्यांच्यापाशी नव्हती.

याच काळात मात्र आहार आणि दृष्टी यांचा एक संबंध अनुभवाने हाती आलेला होता, आणि तो कोरडेपणाच्या नव्हे तर रातांधळेपणाच्या संदर्भात होता. हिपॉक्रेटीसच्या परंपरेतील एका ग्रंथात रातांधळेपणावर बैलाचे कच्चे यकृत मधात बुडवून खाण्यास सांगितले आहे. सुश्रुतानेही नक्तांध्यावर बकऱ्याच्या यकृताचा प्रयोग पिंपळीसह सांगितला आहे. यकृतात ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा असतो हे ज्ञान यानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी झाले. रातांधळेपणा आणि डोळ्याचा कोरडेपणा या एकाच उणिवेच्या दोन पायऱ्या असू शकतात, ही गोष्ट प्राचीनांच्या वर्गीकरणात कोठेही आलेली नाही.

२. अन्नातील उणीव आणि ग्रीक शब्दाचा नवा अर्थ

१८१६ साली फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक मॅजांदी यांनी कुत्र्यांना केवळ साखर व ऊर्ध्वपातित पाणी यांवर ठेवून पाहिले. ती जनावरे खंगून मेली, आणि मरण्यापूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या बाहुलीपुढील पारदर्शक पडद्यावर, म्हणजे स्वच्छमंडलावर, व्रण पडले. अन्नाचा एकांगीपणा डोळ्यावर उमटतो याचा हा पहिला प्रायोगिक पुरावा म्हणता येईल. १८६३ साली बोर्दो येथील बिटो यांनी अनाथालयातील रातांधळ्या मुलांच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर दिसणाऱ्या फेसाळ, करड्या डागांचे वर्णन केले. त्या डागांना आजही त्यांचेच नाव आहे. रातांधळेपणा व नेत्रपृष्ठाचा कोरडेपणा ही दोन लक्षणे येथे एकाच मुलाच्या ठायी पाहिली गेली.

कारणाच्या दिशेने निश्चित पाऊल जपानमध्ये पडले. मासामिची मोरी यांनी १९०४ साली ‘हिकान’ या लोकपरिचित बालरोगाच्या चौदाशेहून अधिक रुग्णांची हकीकत जर्मन नियतकालिकातून प्रसिद्ध केली. तांदूळ, जव व भाज्या यांवर वाढणाऱ्या, स्निग्ध पदार्थ न मिळणाऱ्या मुलांत हा रोग आढळे. कोळ्यांच्या कुटुंबांत तो दिसत नसे. कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले असता मुले लवकर बरी होत. मोरी यांनी कारण म्हणून अन्नातील मेदाची उणीव सांगितली. निष्कर्ष पूर्ण बरोबर नव्हता, कारण उणीव मेदाची नव्हती, मेदात विरघळणाऱ्या एका द्रव्याची होती. पण उपाय बरोबर होता.

पहिल्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कमध्ये हाच प्रयोग, कोणाच्याही इच्छेवाचून, संपूर्ण राष्ट्रावर घडला. डेन्मार्क लोण्याचा मोठा उत्पादक देश. परंतु लोणी परदेशी चांगल्या भावाने विकले जाई आणि गरिबांच्या मुलांच्या वाट्याला मलई काढलेले दूध व वनस्पतिजन्य मार्गारीन येई. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लॉख यांच्याकडे डोळे कोरडे पडलेली, स्वच्छमंडल मऊ होऊन फुटू लागलेली बालके मोठ्या संख्येने येऊ लागली. पूर्ण दूध व कॉडलिव्हर तेल यांनी ती सुधारत हे त्यांनी दाखविले. पुढे पाणबुडी-युद्धामुळे निर्यात खुंटली, लोण्याचे देशांतर्गत नियंत्रित वाटप सुरू झाले, आणि १९१८ साली रोगाची लाट ओसरली. देशात लोणी नव्हते म्हणून नव्हे, तर ते मुलांपर्यंत पोचत नव्हते म्हणून डोळे गेले, ही या प्रकरणातील कटू गोष्ट होय.

दरम्यान १९१३ साली अमेरिकेत मॅकॉलम व डेव्हिस यांनी, आणि स्वतंत्रपणे ऑस्बर्न व मेंडेल यांनी, लोण्याच्या मेदात वाढीस आवश्यक असे काही द्रव्य असल्याचे उंदरांवरील प्रयोगांनी सिद्ध केले होते. ते न मिळालेल्या उंदरांचे डोळेही बिघडत. १९२० साली ड्रमंड यांनी सुचविलेल्या पद्धतीनुसार या द्रव्यास ‘अ’ जीवनसत्त्व हे नाव रूढ झाले. १९२५ साली वोल्बाक व हाउ यांनी या कोरडेपणाची शरीररचना उलगडली. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी डोळ्याच्या पृष्ठावरील ओल्या, श्लेष्मयुक्त पेशींच्या जागी त्वचेसारखा शिंगमय थर येतो. श्लेष्म स्रवणाऱ्या पेशी नाहीशा होतात आणि त्यामुळे अश्रू असले तरी ते पृष्ठावर टिकत नाहीत. तेल लावलेल्या पानावर पाण्याचे थेंब ठरत नाहीत, तशी ही स्थिती. कोरडेपणा पाण्याच्या अभावाचा नसून पृष्ठभागाच्या बदलाचा आहे.

या सर्व संशोधनात जुना ग्रीक शब्द ‘झेरोफ्थाल्मिया’ नव्याने वापरात आला, पण त्याचा अर्थ पालटला. सेल्ससच्या ग्रंथात तो कोरड्या नेत्रदाहाचा वाचक होता. १९२० नंतर तो ‘अ’ जीवनसत्त्वाच्या उणिवेने होणाऱ्या नेत्रविकाराचा वाचक झाला. अर्थसंकोचाची ही प्रक्रिया भाषेच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. तिचा परिणाम मात्र व्यवहारात मोठा झाला : ज्या रुग्णांचे डोळे कोरडे होते पण ज्यांच्या अन्नात काही उणे नव्हते, त्यांच्यासाठी नावच उरले नाही.

३. अश्रूंवाचून कोरडेपणा

असे रुग्ण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नोंदले जात होते. परंतु प्रत्येक निरीक्षकाच्या दृष्टीस रोगाचा एकेक अवयव पडला. लेबर यांनी १८८२ साली स्वच्छमंडलावर तंतू लोंबणाऱ्या दाहाचे वर्णन केले. १८८८ साली लंडनमध्ये हॅडन यांनी तोंड कोरडे पडलेल्या व अश्रू आटलेल्या एका ६५ वर्षांच्या स्त्रीची हकीकत सांगितली. त्याच वर्षी मिकुलिच यांनी अश्रुग्रंथी व लालाग्रंथी सुजलेला एक शेतकरी वैद्यसभेपुढे मांडला. १९०३ साली शिर्मर यांनी कागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून ती किती भिजते यावरून अश्रूंचे मापन करण्याची रीत सांगितली. ही रीत आजही प्रचलित असून पाच मिनिटांत पाच मिलिमीटर वा त्याहून कमी ओल ही ग्रंथिविकाराची खूण समजली जाते. फ्रान्समध्ये गूझरो यांनी १९२५ साली लालाग्रंथी व श्लेष्मग्रंथी यांच्या क्षीणतेकडे लक्ष वेधले, आणि हॉलंडमधील हाउवर यांनी १९२७ साली तंतुमय नेत्रदाहाचा संधिवाताशी संबंध दाखविला.

हे विखुरलेले अवयव एकत्र आणण्याचे श्रेय स्वीडनचे नेत्रवैद्य हेन्रिक शोग्रेन यांना जाते. १८९९ साली जन्मलेल्या शोग्रेन यांनी १९३३ साली स्टॉकहोम येथे जर्मन भाषेत लिहिलेला प्रबंध सादर केला. त्यात १९ स्त्रियांचा अभ्यास होता. त्यांपैकी १३ जणींना संधिवात होता. डोळ्यांचा कोरडेपणा, तोंडाचा कोरडेपणा आणि सांध्यांचा विकार हे तीन निराळे अपघात नसून एका सर्वांगीण रोगाची अंगे आहेत, हे त्यांचे प्रतिपादन. गुलाबी रंगद्रव्याने मृतप्राय पेशी रंगवून नेत्रपृष्ठाची हानी दाखविणे आणि ग्रंथींच्या ऊतकांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करणे या दोन्ही साधनांचा त्यांनी उपयोग केला.

या प्रबंधातील सर्वांत टिकाऊ गोष्ट एक संज्ञा ठरली. शोग्रेन यांनी आपल्या रुग्णांच्या नेत्रविकाराला ‘केराटोकंजंक्टिव्हायटिस सिक्का’ असे नाव दिले. उद्देश हा की ‘अ’ जीवनसत्त्वाच्या उणिवेने होणाऱ्या झेरोफ्थाल्मियाशी त्याची गल्लत होऊ नये. ‘सिक्का’ म्हणजे लॅटिनमध्ये कोरडी. दाहवाचक नाम स्त्रीलिंगी असल्याने विशेषणही स्त्रीलिंगी. अर्थाच्या दृष्टीने पाहता ग्रीक ‘झेरोस’ आणि लॅटिन ‘सिक्कस’ यांत काहीच भेद नाही. एका भाषेतील शब्द आहारजन्य रोगाकडे गेला होता म्हणून दुसऱ्या भाषेतील समानार्थी शब्द ग्रंथिजन्य रोगासाठी योजण्यात आला. दोन रोगांमधील सीमारेषा अशा रीतीने दोन अभिजात भाषांमधील सीमारेषेवर आखली गेली. संज्ञा केवळ संकेताने अर्थ धारण करते या भाषाशास्त्रीय सिद्धांताचे इतके निखळ उदाहरण क्वचित सापडते.

समकालीनांनी प्रबंधाचे स्वागत बेताचेच केले. त्यास मिळालेली श्रेणी विद्यापीठीय अध्यापनाचा अधिकार प्राप्त होण्यास पुरेशी नव्हती, आणि शोग्रेन यांनी पुढे यॉनशॉपिंग येथील रुग्णालयात काम केले. १९४३ साली ऑस्ट्रेलियाचे नेत्रवैद्य ब्रूस हॅमिल्टन यांनी प्रबंधाचे इंग्रजी भाषांतर केले, आणि तेव्हापासून त्याचा प्रसार झाला. भाषांतर हे ज्ञानप्रसाराचे गौण साधन मानणाऱ्यांनी हा दाखला लक्षात ठेवावा.

४. उणीव नव्हे, आक्रमण

शोग्रेन यांनी रोगाचे रूप सांगितले; त्याचे कारण त्यांना ठाऊक नव्हते. रुग्ण बहुतांशी रजोनिवृत्तीच्या सुमाराच्या स्त्रिया असल्याने अंतःस्रावांतील बदलाकडे बोट दाखविले जाई. १९५३ साली बोस्टनच्या मॉर्गन व कासलमन यांनी मिकुलिच यांच्या नावाने ओळखला जाणारा ग्रंथिविकार आणि शोग्रेन यांचा रोग यांत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे चित्र एकच असल्याचे दाखविले : अश्रुग्रंथी व लालाग्रंथी यांत लसीकापेशींची दाटी आणि त्यायोगे स्रवणाऱ्या पेशींचा ऱ्हास. १९५६ साली लंडनच्या रॉइट, डोनियाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवटु ग्रंथीच्या एका विकारात रुग्णाच्या रक्तातच त्याच्या स्वतःच्या ग्रंथीविरुद्ध प्रतिद्रव्ये दाखविली. शरीर स्वतःवर उलटणार नाही, असा एर्लिख यांच्या काळापासूनचा विश्वास होता. तो ढळला आणि स्वयंप्रतिरक्षा ही कल्पना रूढ झाली. शोग्रेन यांचा रोग लवकरच या वर्गात जमा झाला. १९६५ साली ब्लॉक, ब्यूकॅनन, वोल व ब्युनिम यांनी ६२ रुग्णांच्या अभ्यासातून त्याचे सर्वांगीण स्वरूप मांडले, आणि १९७५ साली अॅल्सपॉ व टॅन यांनी वर्णिलेल्या प्रतिद्रव्यांना रोगाच्याच आद्याक्षरांवरून ‘एसएस-ए’ व ‘एसएस-बी’ अशी नावे मिळाली.

येथे दोन कोरडेपणांतील भेद पुरा स्पष्ट होतो. आहारजन्य विकारात पृष्ठभाग बदलतो आणि असलेले पाणी धरून ठेवीत नाही. स्वयंप्रतिरक्षाजन्य विकारात पाण्याचा उगमच उद्ध्वस्त होतो. पहिल्यात एक द्रव्य कमी पडलेले असते, ते भरून दिले की वेळेवर उपचार झालेला डोळा थोड्या दिवसांत सुधारतो. दुसऱ्यात कोणतेही एक द्रव्य कमी पडलेले नसते. म्हणून पहिल्याचे उपचारशास्त्र दुसऱ्यास लागू करावयाचे तर त्यासाठी स्वतंत्र पुरावा हवा. शोग्रेन यांच्या शब्दयोजनेत हाच इशारा होता.

५. तेलांचे पुनरागमन

तथापि हा इशारा पुढे पुसट होत गेला. त्याची एक बाजू भाषिक आहे. ‘सिक्का’ हे विशेषण आपल्या नामापासून सुटले आणि वैद्यांच्या बोलण्यात ते स्वतंत्र नामासारखे डोळा, तोंड, त्वचा अशा सर्वच कोरडेपणास लागू होऊ लागले. याबरोबर इंग्रजीत ‘कोरडा डोळा’ अशा अर्थाचा साधा लौकिक शब्दप्रयोग शास्त्रीय संज्ञा म्हणून रूढ झाला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेच्या वर्गीकरणात या एका छत्राखाली अश्रूंच्या न्यूनतेचा व बाष्पीभवनाचा असे दोन मुख्य प्रकार केले गेले; शोग्रेन यांचा विकार पहिल्यात आला, तर ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव दुसऱ्याच्या कारणांत आली. शास्त्रज्ञांच्या तक्त्यात भेद शाबूत राहिला. रुग्णांच्या व तेलविक्रेत्यांच्या व्यवहारात मात्र एकच शब्द उरला.

दुसरी बाजू रसायनशास्त्राची आहे. काही मेदाम्लांपासून शरीरात दाह वाढविणारी वा शमविणारी द्रव्ये तयार होतात हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळून आले. ज्यांचे मूळ दाहात आहे अशा रोगांत मेदाम्लांचा आहार उपयोगी पडेल, ही अपेक्षा त्यामुळे अगदीच निराधार नव्हती. शोग्रेन-रुग्णांवर प्रथम ‘ईव्हनिंग प्रिमरोज’ या वनस्पतीच्या बियांच्या तेलाचा प्रयोग झाला. १९८० च्या दशकात डेन्मार्कमधील छोट्या चाचण्यांत किंचित लाभ दिसला. परंतु २००२ साली स्वीडनमधील थिआंडर व सहकाऱ्यांनी त्यातील गॅमालिनोलेनिक आम्ल ९० रुग्णांना सहा महिने, कोणास खरे औषध व कोणास निरुपद्रवी पर्याय मिळतो हे रुग्ण व वैद्य दोघांनाही कळू न देता, देऊन पाहिले. थकवा, डोळे वा तोंड यांत अर्थपूर्ण फरक पडला नाही.

यानंतर माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्लांची पाळी आली. अमेरिकेतील ३२,४७० स्त्रियांच्या पाहणीवर आधारलेला एक निबंध २००५ साली प्रसिद्ध झाला. आहारात ओमेगा-३ अधिक असलेल्या स्त्रियांत डोळ्यांच्या कोरडेपणाची तक्रार सुमारे १७ टक्क्यांनी कमी होती. ओमेगा-६ चे ओमेगा-३ शी प्रमाण पंधरास एक याहून अधिक असलेल्यांत ती चारास एक याहून कमी असलेल्यांच्या अडीचपट होती. या आकड्यांनी मोठी आशा निर्माण केली. तथापि पाहणीत दिसलेला संबंध आणि कार्यकारणभाव यांत अंतर असते. मासे अधिक खाणाऱ्या स्त्रिया इतर बाबतींतही निराळ्या असू शकतात.

हे अंतर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने उघड केले. अमेरिकेतील २७ केंद्रांत ५३५ रुग्णांपैकी काहींना रोज ३,००० मिलिग्रॅम ओमेगा-३ आणि इतरांना ऑलिव्ह तेल वर्षभर दिले गेले. शंभर अंकांच्या लक्षणमापनावर पहिल्या गटाची तक्रार १३.९ अंकांनी आणि दुसऱ्याची १२.५ अंकांनी घटली. दोन्ही गट सुधारले. त्यांच्यातील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. ऑलिव्ह तेल हेच मुळी निष्क्रिय नाही असा आक्षेप घेतला गेला. पण दिलेले प्रमाण दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा होते, हे पाहता आक्षेपाचे बळ मर्यादित ठरते. २०२२ साली २३,५२३ व्यक्तींच्या दुसऱ्या एका चाचणीतही रोज एक ग्रॅम समुद्रजन्य ओमेगा-३ पाच वर्षांहून अधिक काळ घेऊन कोरड्या डोळ्याचा नवा उद्भव टळल्याचे दिसले नाही.

दोन्ही गट सुधारले ही गोष्ट इतिहासकाराने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. कोरडेपणाची तक्रार ऋतूनुसार, विश्रांतीनुसार, नियमित देखरेखीनुसार कमी-अधिक होते. रुग्ण तक्रार अगदी वाढलेली असतानाच वैद्याकडे येतो. अशा स्थितीत तुलनेचा गट नसेल तर कोणतेही तेल गुणकारी ठरते. प्राचीन तुपापासून आधुनिक तेलापर्यंतच्या अनेक यशोगाथांचे रहस्य अंशतः येथेच असावे. मोरी व ब्लॉख यांचे यश मात्र या कोटीतले नव्हते. तेथे फुटू लागलेले डोळे वाचले होते.

याचा अर्थ आहार व स्वयंप्रतिरक्षा यांचा संबंधच नाही असा नव्हे. २५,८७१ व्यक्तींवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. रोज २,००० एकक ‘ड’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत सुमारे पाच वर्षांत स्वयंप्रतिरक्षाजन्य रोगांचे १२३ नवे रुग्ण आढळले; न घेणाऱ्यांत १५५. हा फरक २२ टक्क्यांचा आहे. परंतु येथे संधिवात, सोरायसिस इत्यादी अनेक रोग एकत्र मोजलेले आहेत, आणि प्रश्न रोग टाळण्याचा होता, झालेला कोरडेपणा घालविण्याचा नव्हता. भूमध्यसागरी पद्धतीचा आहार, म्हणजे भाज्या, फळे, कडधान्ये, मासे व ऑलिव्ह तेल, अधिक पाळणाऱ्यांत शोग्रेन रोग कमी आढळतो असे ब्रिटनमधील २०२० च्या एका तौलनिक अभ्यासात दिसले. तोही संबंध आहे, सिद्ध कारण नाही. रोग झाल्यावर तोंड कोरडे पडल्याने रुग्णाचे खाणेच पालटते, हेही येथे विसरता येत नाही.

६. जेथे दोन वाटा मिळतात

एका ठिकाणी मात्र हे दोन इतिहास खरोखरीच एकत्र येतात. हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या आपल्या प्रबंधात सीलिअॅक या आतड्याच्या विकाराचा गव्हाशी असलेला संबंध मांडला; पुढे त्यातील ग्लूटेन हे प्रथिन दोषी ठरले आणि हा विकारही स्वयंप्रतिरक्षाजन्य असल्याचे स्पष्ट झाले. १९९९ साली फिनलंडमधील संशोधकांना ३४ शोग्रेन-रुग्णांपैकी पाच जणांत सीलिअॅक विकार आढळला. सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास असते. या विकारात आतड्याचे अस्तर झिजते आणि मेदविद्राव्य जीवनसत्त्वे, त्यांत ‘अ’ही आले, नीट शोषली जात नाहीत. यकृतातील सूक्ष्म पित्तनलिकांचा जो स्वयंप्रतिरक्षाजन्य दाह शोग्रेन रोगाच्या जोडीने पुष्कळदा आढळतो, त्यातही पित्ताअभावी हेच घडू शकते. अशा रुग्णाच्या डोळ्यांत शोग्रेन यांची ‘सिक्का’ व मोरी-ब्लॉख यांची उणीव एकाच वेळी नांदू शकतात. तेथे आहाराचा विचार, ग्लूटेनवर्जन व जीवनसत्त्वाची भरपाई हे खरे उपचार होत. पण ते रक्ततपासणीने उणीव सिद्ध झाल्यावर. कारण ‘अ’ जीवनसत्त्व यकृतात साठत असल्याने त्याचा अतिरेक अपायकारक असतो. सीलिअॅक विकार नसताना गहू सोडून शोग्रेन-रुग्णाचे अश्रू परत येतात, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

भारताच्या संदर्भात हा विवेक अधिकच आवश्यक आहे, कारण येथे पहिला इतिहास दूरचा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधनाच्या आधारे १९७० साली मुलांना दर सहा महिन्यांनी दोन लक्ष एकक ‘अ’ जीवनसत्त्व देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. कोरडा डोळा म्हणजे उपाशी मूल, हे समीकरण येथील वैद्यकाच्या स्मृतीत खोल रुजलेले आहे आणि त्याने कित्येकांची दृष्टी राखली आहे. पण त्याच समीकरणाने एखाद्या मध्यमवयीन स्त्रीचे दुखणे मोजले, तर तिला गाजर व पालेभाजी सांगून परत पाठविले जाते आणि तिचे सांधे, तिचे कोरडे तोंड, तिच्या रक्तातील प्रतिद्रव्ये यांची विचारपूस होत नाही.

मराठी भाषेची यात एक अडचण आहे. रुग्ण ‘डोळे कोरडे आहेत’ असे क्वचितच म्हणतो; तो म्हणतो डोळे चुरचुरतात, खुपतात, वाळू गेल्यासारखी वाटते; कधी उलट पाणी येते अशीही तक्रार असते. ‘कोरडे डोळे’ हा प्रयोग मराठीत रोगाचा नव्हे, भावनेचा : दुःखाच्या प्रसंगीही न रडणाऱ्याचे डोळे कोरडे. शोग्रेन-रुग्णाला रडू येते, पण अश्रू येत नाहीत. तिच्या बाबतीत हा वाक्प्रचार अक्षरशः खरा आणि अर्थतः अन्यायाचा होतो. ‘नेत्रशुष्कता’ हा अलीकडे घडविलेला शब्द इंग्रजी छत्रसंज्ञेचे भाषांतर असल्यामुळे तिच्यातील संदिग्धताही त्यात उतरली आहे. मराठी परिभाषेने ‘पोषणन्यूनताजन्य’ व ‘ग्रंथिजन्य’ अशी विशेषणे जोडून हा भेद राखणे इष्ट होय.

संज्ञांचा हा प्रवास अद्याप थांबलेला नाही. २०२३ साली रोम येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय विचारविनिमयात ‘शोग्रेन लक्षणसमूह’ ऐवजी ‘शोग्रेन रोग’ म्हणावे असे ठरले. रुग्णांच्या दृष्टीने हा केवळ शब्दाचा बदल नाही, त्यांचे दुखणे स्वतंत्र रोग म्हणून मान्य झाल्याची ती खूण आहे. नव्वद वर्षांपूर्वी एका नेत्रवैद्याने ग्रीक शब्द बाजूस सारून लॅटिन शब्द निवडला, तेव्हा त्याने हेच म्हटले होते की सारखे दिसणारे सारे एक नसते. आहाराची कोणतीही शिफारस करण्यापूर्वी कोरडेपणा कोणता, हा प्रश्न विचारला जाणे त्यावर अवलंबून आहे. तो विचारला गेला म्हणजे आहाराला त्याचे योग्य स्थान मिळते : उणीव असेल तेथे तो औषध, उणीव नसेल तेथे सर्वसाधारण आरोग्याचा आधार, अश्रुग्रंथींच्या नाशावरील उपाय मात्र तो नव्हे.